सगळ्यांना सारखी कपात

एका देशात गॅस मिठाखाली साठवतात. जमिनीच्या पोटात मिठाचे थर असतात, ते आतून पाण्याने धुऊन पोकळ करायचे आणि उन्हाळाभर त्यात गॅस कोंबायचा. किती कोंबलाय असं विचारलं, की तिथला अधिकारी गोड हसतो आणि आणखी कॉफी मागवतो.

*

ताईला काचेचा पेला हातात आला की तो आधी उजेडाकडे धरायची खोड आहे. परक्याच्या घरीसुद्धा. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी पाणी दिलं, तर पेल्याकडे बघून म्हणाली, "बुडाशी गाठ राहिलीय." डॉक्टरच घाबरले.

*

खात्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद. दारावर पाटी: 'वीज वाचवा.' खाली कुणीतरी पेनाने जोड दिलीय: 'गुडघे कोण वाचवणार?'

*

दुसऱ्या एका देशात, भर बैठकीत, एक टकले गृहस्थ उठले, "माझ्या मेव्हण्याची पवनचक्की आहे," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. खिडकीशी उभं राहून त्यांनी शांतपणे सफरचंद खाल्लं.

*

भावोजींनी जिन्याखाली इतकी लाकडं रचलीत, की जिन्याखाली राहणारी मांजर आता कपाटावर राहते.

*

जहाज वळलं.

*

ही सगळी गर्दी एकाच बाईच्या डोक्यात होती, आणि ती बाई त्या सकाळी खात्याचा जिना चढत होती. घरात तिला धाकटी म्हणतात, केस पांढरे व्हायला लागले तरी धाकटीच. ऑफिसात ती मॅडम. ऊर्जा खात्यात उपसचिव. गेल्या वर्षी खात्याने तिला पाच-सहा देशांत हिंडवून आणलं होतं: बाहेरून येणारं तेल, गॅस, वीज अचानक बंद पडली तर कोण काय करतं, ते बघून या. ती बघून आली, जाडजूड अहवाल लिहिला, आणि तेव्हापासून तिला एका जागी बसवेनासं झालं. खुर्चीत टेकली की पाय हलायला लागे. बैठकीत शेजारचे लोक टेबल धरून ठेवत.

जहाजाचं असं झालं. गॅसने भरलेलं एक जहाज तिच्या देशाच्या बंदराकडे निघालं होतं. रात्रीतून दुसऱ्या कुणीतरी चढा भाव दिला आणि सकाळी जहाजाने समुद्रातच तोंड फिरवलं. पुढचं जहाज यायला महिना. बाहेर कडाक्याची थंडी. घरांचा आणि दवाखान्यांचा गॅस तोडायचा नाही, हे ठरलेलंच होतं. म्हणजे तोडायचा तो कारखान्यांचा. किती आणि कुणाचा, ते आजच्या आज ठरायला हवं होतं. दुपारी मंत्रिसाहेबांकडे बैठक.

टिपण तिने सकाळी उठल्या उठल्या लिहून टाकलं होतं. सगळ्यांना सारखी कपात. गेल्या वर्षी प्रत्येकाने जेवढा गॅस जाळला, त्यातला एक तृतीयांश उद्यापासून बंद. ना वशिला, ना रडगाणी. तिला ते लिहून बरं वाटलं होतं, इतकं की तिने उभ्या उभ्या दुसरी कॉफी घेतली.

जिन्यात तिला टक्केवाला भेटला. तिच्याच विभागातला आकडेतज्ज्ञ, बोलतो ते टक्क्यांत.

"मॅडम, टिपण वाचलं. साहेबांना नव्वद टक्के आवडणार."

"आणि दहा टक्के?"

"दहा टक्के ते वाचणारच नाहीत."

ती हसली आणि दोन-दोन पायऱ्या चढायला लागली. तेवढ्यात फोन वाजला. ताई.

*

"बातम्यांत दाखवतायत एक तृतीयांश. खरं का गं?"

"अजून ठरायचंय. पण हो, तसंच होईल बहुतेक."

"कशाच्या एक तृतीयांश?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! कशाच्या? कुठल्या आकड्याच्या?"

"गेल्या वर्षी जेवढा लागला, त्याच्या."

तिकडून भट्टीची घरघर ऐकू आली.

"ताई?"

"ये इकडे."

"अगं दुपारी माझी—"

"आत्ता ये."

*

ताईचा कारखाना काचेचा. औषधांच्या बाटल्या, लोणच्या-मुरंब्यांच्या बरण्या. धाकटी आत शिरली तशी तिने कोट काढला, मग स्वेटर, मग मफलर. तिथे येणारा प्रत्येकजण असाच सोलत सोलत आत येतो. भट्टी म्हणजे विटांची कमान टाकून झाकलेला एक हौद, आणि हौदात पाण्याऐवजी पातळ काच, उकळत्या मधासारखी. भाच्याच्या जन्माच्या वर्षी पेटवलेली. भाच्याला आता मिसरूड फुटलंय, भट्टी एकदाही विझलेली नाही. पाळी बदलताना जाणारा माणूस निघत नाही, जोवर येणारा झरोक्याला डोळा लावून "बघितली" म्हणत नाही. सुट्टी असो, संप असो, कुणाचं घरी काही असो. एकदा भट्टीवरच्या मिस्त्रींना ताप भरला होता, तर बदलीचा माणूस येईपर्यंत ते झरोक्याशी स्टूल टाकून कुडकुडत बसले होते. भट्टीशेजारी कुडकुडणारा तो पहिला माणूस, असं भावोजी अजून सांगतात.

ताईने तिच्या हातात निळी काच दिली. "बघ आधी."

"बघितलीय मी शंभरदा."

"बघ म्हणतेय ना."

धाकटीने निळी काच डोळ्याला लावली आणि झरोक्यातून बघितलं. आत ज्वाळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत होत्या, आणि खाली ती काच, इतकी स्थिर की हलते आहे असं फक्त वाटावं.

"आता ऐक," ताई म्हणाली. "बाटली एकसुद्धा काढायची नाही, नुसती ही काच पातळ ठेवायची, तरी आत्ता लागतो त्याच्या तीन चतुर्थांश गॅस लागतो. तीन चतुर्थांश. तू किती देणारेस?"

धाकटीच्या डोक्यात आकडा आपोआप पडला. "दोन तृतीयांश."

"मग गोठली. गोठली की आकसते, विटांना ओढते, विटा फुटतात. मग हिला कुदळीने फोडून काढायची. नवीन बांधायची तर वर्ष जाईल, आणि वर्षभर इथली माणसं काय करतील ते मला विचारू नकोस."

"पण सगळ्यांनाच थोडी-थोडी झळ—"

"झळ? त्या पलीकडच्याकडे बघ." ताईने खिडकीतून बोट दाखवलं. पलीकडे कपडे रंगवायचा कारखाना होता. एवढ्या थंडीत त्याच्या खिडक्या सताड उघड्या, आतून वाफेचे लोट. "आत उकडतं म्हणून भर हिवाळ्यात खिडक्या उघडून बसलाय तो. त्याला काय होणार तुझ्या कपातीने? उद्या खिडक्या लावून घेईल. झाली त्याची कपात! माझ्याकडे लावायला खिडकी उरलीय का एक तरी? सगळ्या तूच लावून घेतल्यास."

हे मात्र खरं होतं. पाच वर्षांपूर्वी धाकटीच फाइल बगलेत मारून आली होती. ताई, बचत कर. ताईने कमानीवर नवं अस्तर चढवलं, धुराड्यातून जाणारी ऊब परत आत वळवली, वाळूऐवजी फुटक्या काचा जास्त घालायला लागली, कारण फुटकी काच कमी आचेवर वितळते. पूर्वीच्या गॅसमधला चौथा हिस्सा वाचला. खात्याने ताईचा सत्कार केला, फोटो छापला. फोटोत ताई सत्काराचा पेला उजेडाकडे धरून बघतेय.

"ज्याने उधळलं त्याला अंगावर चरबी आहे, तो महिनाभर तगेल," ताई म्हणाली. "मी तुझं ऐकून हाडं काढून बसले, मी मरणार. ही तुझी सारखी कपात."

धाकटी येरझाऱ्या घालायला लागली. भट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"भट्ट्यांना सूट देता येईल," ती म्हणाली. मग स्वतःच, "नाही. उद्या प्रत्येकाकडे भट्टी निघेल. पाववालासुद्धा म्हणेल माझ्याकडे भट्टी आहे."

"पाववाल्याकडे असतेच."

"तेच तर."

"मग एवढे देश हिंडून काय आणलंस? फक्त चॉकलेटं?"

"प्रत्येक देशाचं वेगळं असतं गं. एक जण मिठाखाली साठवतो—"

"तुझे भावोजी जिन्याखाली साठवतात. पुढे?"

"एक जण वीस-वीस वर्षांचे करार करतो. महाग पडलं तरी चालेल, पण जहाज वळता कामा नये."

"शहाणा आहे. आपण का नाही केला?"

"कारण आपण रोज सकाळी बाजारात जाऊन जे स्वस्त मिळेल ते घेणारे. चार वर्षं त्यात फायदा झाला."

"आणि पाचव्या वर्षी माझी भट्टी. पुढे?"

"एका देशात लोकांना नुसतं सांगितलं, घरात स्वेटर घाला. आणि लोकांनी घातले!"

"आपल्याकडे सांगून बघ. माझ्या सासूबाई म्हणतील, तुम्ही आधी घाला." ताई हसली, पण तिचा हात झरोक्याच्या कडेवरून सरकला नव्हता. "आणि तो एक कुठला, तारांचा?"

"त्याच्या तारा सगळ्या शेजाऱ्यांकडे गेल्यात. याच्याकडे वारा पडला की त्याची वीज घेतो, त्याच्याकडे पाणी आटलं की याची. एकमेकांवर विश्वास टाकून बसलेत."

"म्हणजे शेजाऱ्याकडे साखर मागायला जातात तसं."

"तसंच. पण तिथे नियम फार कडक. काटेकोर."

"बरं, हिंडणं झालं. आता माझं सांग. भट्टी रिकामी करायची तर वेळ लागतो. नीट रिकामी केली तर विटा तरी वाचतील, निदान बऱ्याचशा. पण ते मला संध्याकाळी सुरू करायला हवं. गॅस तुटेपर्यंत वाट बघत बसले, तर दोन्ही गेलं. संध्याकाळपर्यंत मला हो की नाही सांग. मधलं काही सांगू नकोस."

धाकटी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा पाय हलायचा थांबला.

"गेल्या वर्षीचा आकडा धरायचाच नाही," ती हळूच म्हणाली. "पाच वर्षांपूर्वीचा धरायचा. बचत सुरू व्हायच्या आधीचा."

"म्हणजे?"

"तेव्हा तुला आत्ताच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जास्त गॅस लागायचा. बरोबर? त्यातला एक तृतीयांश कापला तरी आत्ता लागतो त्याच्या जवळपास येतं. थोडं कमी. नववा हिस्सा कमी."

ताईने बोटांवर काहीतरी केलं. मिस्त्री लांबून बघत होते, त्यांनीही केलं.

"नववा हिस्सा मी सोसेन," ताई म्हणाली. "एक यंत्र बंद ठेवीन."

"वाचवलेलं मोजलं जाईल. सगळ्यांचंच. आणि त्या खिडक्यावाल्याने काहीच वाचवलेलं नाही, त्याचा पूर्ण तिसरा हिस्सा जाईल."

"मग कर की! उभी काय राहिलीस?"

*

खात्याकडे परत जाताना टॅक्सीत धाकटी एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे सरकत राहिली. टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "बाई, काही शोधताय?"

"नाही. का?"

"नाही, सीट थोडी टोचते, म्हणून विचारलं."

रस्त्यावरचे निम्मे दिवे बंद होते. एका दुकानदाराने दारात मेणबत्त्यांचा ढीग लावला होता आणि वर पाटी, 'प्रत्येकी दोनच.' म्हणजे त्याचंही धोरण ठरलं होतं. बाईमाणसं दोन घेऊन जात होती आणि पुन्हा रांगेत लागत होती.

तिने डोक्यात सगळं जुळवलं. कोण काय विचारेल, त्यावर काय बोलायचं. सगळ्यात अवघड प्रश्न कुठला असेल तेही तिला दिसलं: जे कारखाने पाच वर्षांपूर्वी नव्हतेच, त्यांचं काय? त्यांचा जुना आकडा शून्य, शून्यातून कापायचं काय? उत्तरही दिसलं. तसाच दुसरा जुना कारखाना बघायचा आणि त्याच्या मापाने मोजायचं. एका वाक्याचं काम.

*

आता त्या नियमाचं सांगायला हवं, कारण तोच पुढे आडवा आला.

पवनचक्कीवाल्या मेव्हण्याचे ते टकले गृहस्थ तारांच्या देशातले. तिथे नियम असा, की बैठकीत ज्या विषयावर निर्णय व्हायचाय त्यात आपल्या कुणाचं काही असेल, तर आधी सांगायचं आणि बाहेर जायचं. ते गृहस्थ उठले, सांगितलं, गेले. कुणी हसलं नाही, कुणी भुवई उडवली नाही. धाकटी ते बघून इतकी भारावली, की तिने परत आल्याबरोबर हाच नियम आपल्या खात्यात लावून घेतला. मंत्रिसाहेबांनाही आवडला; टीव्हीवर सांगता येण्यासारखा होता. तेव्हापासून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला साहेब विचारत, "कुणाचं काही?" आणि सगळे टेबलाकडे बघत. टक्केवाला एकटाच पुटपुटायचा, "शून्य टक्के."

*

"कुणाचं काही?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं.

"शून्य टक्के," टक्केवाला म्हणाला.

धाकटीने काय करायचं ठरवलं होतं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. जिना चढताना एका पायरीला बोलायचं होतं, पुढच्या पायरीला गप्प बसायचं होतं, आणि पायऱ्या किती होत्या कुणास ठाऊक. गप्प बसली असती तरी खोटं काहीच नव्हतं. सूचना सगळ्यांसाठी होती. बरोबर होती. आज सकाळी ती सुचली नाही आणि ताईच्या भट्टीशी सुचली, एवढंच काय ते.

"माझी सख्खी बहीण काचेचा कारखाना चालवते," ती म्हणाली.

खोलीत कुणाच्या तरी पेनाचं टोपण पडलं.

"अरेरे," साहेब म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "मग आता, मॅडम... नियम तर तुमचाच."

"हो. पण साहेब, जायच्या आधी एकच गोष्ट. माझ्या टिपणात एक चूक आहे. गेल्या वर्षीचा आकडा धरला तर—"

"आधी असं काही नियमात नाहीये ना पण." साहेबांनी मान वाकडी केली, शाळेतल्या हुशार मुलीला फळ्याजवळून परत पाठवावं तशी. "सांगायचं आणि जायचं, तुम्हीच लिहिलंय. उद्या कुणी म्हणायला नको."

तिने कागद टक्केवाल्यापुढे सरकवला. त्यावर तिने टॅक्सीत चार ओळी खरडल्या होत्या. "पाच वर्षांपूर्वीचा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, आणि बाहेर गेली.

*

बाहेर.

बाहेरचा व्हरांडा लांबलचक, दिवे एकाआड एक. दाराला धुरकट काच. काचेमागे माणसं हलताना दिसत, पण कोण कुठलं ते कळत नव्हतं. ती टोकापर्यंत गेली. परत आली. टोकापर्यंत गेली. शिपाई बाकावर बसून मोजे घालत होता, एकावर एक.

"काढलं का बाहेर?" त्याने विचारलं.

"मीच आले."

"मग बरंय," तो म्हणाला आणि तिसरा मोजा घातला.

ती खिडकीशी उभी राहिली आणि तिला ते टकले गृहस्थ आठवले. ते सफरचंद खात होते. काय शांतपणे खात होते! त्यांना घाई नव्हती, येरझाऱ्या नव्हत्या, दाराकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं. धाकटीला तेव्हा वाटलं होतं, काय हा प्रामाणिकपणा. आता, थंडगार खिडकीला कपाळ लावून उभी असताना, तिला त्या खोलीतली आणखी एक गोष्ट आठवली. ते बाहेर गेले आणि त्यांच्या शेजारची बाई पुढे सरकून बसली होती. त्यांच्याच हुद्द्याची, त्यांच्याएवढंच जाणणारी. तारांच्या देशात प्रत्येक जागेवर दोन माणसं असतात. एक उठला तर दुसरा तेच काम तिथून पुढे उचलतो. तिने विचारलंही होतं, ही कोण? "माझी जोडीदार," असं काहीसं ते म्हणाले होते, आणि तिने ते लिहून घेतलं नव्हतं, कारण त्यात तिला विशेष काही वाटलं नव्हतं.

तिने नियम आणला होता. जोडीदार तिथेच राहिली होती.

तिच्या खात्यात तशी एक जागा होती, पूर्वी. ती बचतीत गेली.

दार किलकिलं झालं. टक्केवाल्याचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले.

"मॅडम, साहेब म्हणतात, पाच वर्षांपूर्वी जे कारखाने नव्हतेच त्यांचं काय?"

"सोपं आहे, त्यांना—"

"मला सांगू नका!" त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "विचारलं ते चुकलंच माझं. तुम्ही सांगितलंत आणि मी आत बोललो, तर ते तुम्हीच बोलल्यासारखं. मग मलाही बाहेर यावं लागेल. आणि मग आत आकडे कळणारं शून्य टक्के उरेल."

"अरे, एक वाक्य आहे!"

"म्हणूनच तर नको. एक वाक्य माझ्या लक्षात राहील."

"तुझं तू विचार कर ना मग! नवा कारखाना, तसाच जुना कारखाना—"

"मॅडम!" तो कळवळून ओरडला, आणि दार लागलं.

धुरकट काचेतून तिला त्याची आकृती दिसली. आकृती बसली. मग बराच वेळ कुणीतरी एकटंच बोलत होतं, बहुधा साहेब. आकृतीने एकदा हात वर केला. खाली घेतला. धाकटीने स्वतःचा हात वर झालाय हे बघितलं आणि तोही खाली घेतला. शिपायाने तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

तिला आत जाता आलं असतं. दाराला कडी नव्हती. नुसतं ढकलायचं. ढकलून आत जाऊन एक वाक्य बोलायचं, आणि मग त्या वाक्याचं काय झालं असतं? उपसचिव बाई बहिणीसाठी दार ढकलून आल्या. वाक्य बरोबर असलं तरी त्याला बहिणीचा वास आला असता, आणि मग पाच वर्षांपूर्वीचा आकडा पुढची पन्नास वर्षं कुणी तोंडात घेतला नसता. की हे सगळं ती घाबरली होती म्हणून तिला सुचत होतं? ती टोकापर्यंत गेली. परत आली.

दार उघडलं, लोक बाहेर पडायला लागले, कोट चढवत, घाईने, तिची नजर चुकवत. टक्केवाला शेवटी.

"सगळ्यांना सारखी," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच्या आकड्यावर. साहेब म्हणाले, पाच वर्षांपूर्वीचं लोकांना समजावून सांगायला दोन वाक्यं लागतात. मी प्रयत्न केला, मॅडम. पण नव्यांचं काय, तिथे मी अडकलो." तो जरा थांबला. "आत्ता, बाहेर येताना, उत्तर सुचलं मला. दारात."

"माहितेय," धाकटी म्हणाली.



*

फोनवर ती म्हणाली, "नाही."

ताई म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

*

धाकटी पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि सगळे भट्टीभोवती जमले होते. या वेळी तिने कोट काढला नाही. मिस्त्रींनी झरोक्याला डोळा लावला, मग पुढच्या पाळीच्या माणसाने लावला, मग त्याच्यामागच्याने. ज्यांची पाळी नव्हती तेही आले होते. प्रत्येकजण "बघितली" म्हणत होता आणि बाजूला होत होता.

"काकू, तुम्ही," मिस्त्री ताईला म्हणाले.

"माझी बघून झालीय," ताई म्हणाली. "काढा."

हौदाच्या बुडाशी एक भोक असतं, त्यात एक वीट बसवलेली असते. मिस्त्रींनी लांब सळईने ती वीट ठोकून काढली. काच बाहेर आली. आधी जाड दोरीसारखी, मग सरळ धार. खालच्या पन्हळीत पाणी सोडलं होतं. धार पाण्यात पडली की तडतडून तिचे हिरवट खडे होत आणि वाहत पुढे जात. पन्हळीच्या टोकाला दोघं फावड्याने खडे ओढत होते. ताईनेही एक फावडं घेतलं. भावोजी दारात उभे होते. त्यांनी कुठून कुठून आणलेली चार घोंगडी काखेत धरली होती, आता ती कुणाला द्यावीत ते त्यांना कळत नव्हतं.

"जिन्याखालची लाकडं आणू का?" ते म्हणाले. कुणी हसलं नाही. त्यांनाही हसवायचं नसावं.

धाकटी ताईजवळ गेली. एक फावडं तिनेही उचललं. खडे अजून गरम होते, वाफ डोळ्यांत जात होती.

"तू सांगितलंस का नीट?" ताईने मान वर न करता विचारलं. "पाच वर्षांचं? वाचवलेलं मोजायचं ते?"

"मी आत नव्हते."

"आत नव्हतीस म्हणजे? कुठे होतीस?"

"बाहेर. आपल्या कुणाचं काही असलं की आधी सांगायचं आणि बाहेर जायचं, असा नियम आहे. मी सांगितलं. मग बाहेर."

ताईचं फावडं अर्ध्यावर थांबलं.

"असा नियम आहे?"

"हो."

"तुला माहीत होता?"

"मीच आणलाय तो."

ताईने तिच्याकडे बघितलं. मग खाली वाकून एक खडा उचलला, बोट भाजलं तरी सोडला नाही, सवयीने दिव्याकडे धरला, त्यात काय बघायचंय ते न बघताच परत टाकला, आणि पुन्हा फावडं ओढायला लागली. धार बारीक होत गेली.

दुपारी कारखान्याच्या गेटपाशी, टॅक्सीचं दार लावता लावता, ताईनेच बजावलं होतं, "आणि हे बघ, मी तुझी बहीण आहे हे आधी सांगून टाक, मगच भट्टीचं बोल", आणि धाकटी म्हणाली होती, "सांगते."